कबुलायत

दिवाळीला चाकरमानी घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर दोन वस्तू हटकून येतात. मुलांसाठी फटाके आणि मोठ्यांसाठी एखादी तक्रार. फटाके लक्ष्मीपूजनाच्या रात्री संपतात. तक्रार भाऊबीजेपर्यंत पुरवून पुरवून वापरता येते. गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने आणलेली तक्रार मात्र अंमळ निराळी निघाली, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहावयाचे मनात आले.

पुतण्या पुण्यास हिंजवडीला एका संगणकाच्या कंपनीत आहे. चौदा महिने खपून त्याच्या मंडळींनी एका गिऱ्हाइकासाठी सॉफ्टवेअर रचले. ते वेळेत झाले, चालूही लागले, आणि मग गिऱ्हाईक म्हणाले, "हे आम्हांला हवे होते ते नव्हे." त्या धंद्यात म्हणे काम पुरे झाल्यावर गिऱ्हाइकाने ते तपासून पसंतीच्या कागदावर सही करावयाची असते; ती सही नसेल तर शेवटचा हप्ता मिळत नाही. "काका, त्यांनी सांगितले तसेच केले हो! ओळ न् ओळ लेखी आहे," असे तो करंजी हातात धरून तीनदा म्हणाला. तो गिऱ्हाइकाला क्लाएंट म्हणतो. माझे वडील रत्नागिरीच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकून होते. ते त्याच माणसाला अशील म्हणत, आणि वर असे सांगत, की अशिलाला काय हवे ते त्याच्या तोंडून कधी कळत नाही, त्याच्या बांधावर जाऊन पाहावे लागते.

मी त्याला म्हटले, "बाबा रे, तुझी गोष्ट नवी नाही. ज्या कागदावर तू पसंतीची सही मागतोस त्याला आमच्या रत्नागिरीत जुना शब्द आहे. कबुलायत. आणि ती न मिळाल्यामुळे या जिल्ह्यात सरकारचे डोके किती वर्षे उठले होते ते तुला ठाऊक नाही."

गोष्टीची सुरुवात रत्नागिरीत नाही, घाटावर आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती जो मुलूख आला, त्याचा सारा ठरवावयाचा कसा हा प्रश्न पडला. पुण्याच्या कलेक्टरचा एक तरुण मदतनीस होता, प्रिंगल नावाचा. हुशार, कष्टाळू आणि विलायतेतील नव्या अर्थशास्त्राचा अभ्यासू. त्याने १८२८ च्या सुमारास मोजणीचे काम अंगावर घेतले. शेतन् शेत मोजावयाचे, जमिनीची प्रत लावावयाची, उत्पन्नातून खर्च वजा घालून निव्वळ उरते किती ते काढावयाचे आणि त्यातले शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे. कागदावर योजनेत खोट काढण्यास जागा नव्हती. पण निव्वळ उत्पन्न काढण्याचा हिशेब इतका बारीक, की तो करणाऱ्या हाताखालच्या लोकांना झेपला नाही. शिवाय त्यांच्यापैकी पुष्कळांचे हात ओले झाल्यावाचून जमिनीची प्रत खाली येत नसे. १८३० पासून ती आकारणी लागू झाली. पावसाने दगा दिला, धान्याचे भाव पडले, आणि शेतकऱ्यांनी कबूल-नाकबूल असे काही बोलण्याऐवजी जमिनी टाकून दिल्या. रयतेच्या नापसंतीचा हाच मार्ग असे. अर्ज नाही, तक्रार नाही; नांगर खांद्यावर टाकून दुसऱ्या मुलखात.

प्रिंगलचे काम गुंडाळावे लागले. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा लष्करातला तरुण इंजिनिअर यांनी नव्याने हात घातला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमिनीच्या ढोबळ नऊ प्रती, गावाचा पूर्वीचा वसूल किती, बाजारपेठ किती लांब, लोकांची स्थिती कशी, एवढे पाहून आकार ठरविला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही असे वचन दिले. शेतांना नंबर दिले, हद्दीला दगड पुरले. तेहतीस फुटी साखळी धरली. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आज आपण गुंठा म्हणतो तो १,०८९ चौरस फुटांचा असतो, त्याचे मूळ या साखळीत आहे. १८४७ साली या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात बांधले गेले, आणि पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र तीच पद्धत चालली.

प्रिंगल विंगेटपेक्षा कमी बुद्धीचा होता असे मला वाटत नाही. उलट, हिशेबाच्या दृष्टीने त्याचीच योजना सरस म्हणता येईल. पण विंगेटचा नियम गावचा पाटील दुसऱ्याला समजावून सांगू शकत होता. हा फरक लहान नव्हे.

आता येतो कोकणचा घाट, आणि तिथे गाडे अडते.

इंदापूरची पद्धत एका गृहीतावर उभी होती: एक शेत, एक नंबर, एक खातेदार, आणि तो थेट सरकारला सारा देतो. रत्नागिरी जिल्ह्यात यातले एकही गृहीत धडपणे लागू पडेना. इथले शेत म्हणजे डोंगरउतारावरची, हात-दोन हात रुंदीची भाताची खाचरे. वरच्या वरकस जमिनीत दोन-चार वर्षे नाचणी-वरी करावयाची, मग ती पडीक टाकून दुसरीकडे जावयाचे. म्हणजे शेतच दरसाल जागा बदलणार! खाडीकाठी खाजण. जमीन एकाची आणि तिच्यातले आंबा-फणसाचे झाड दुसऱ्याचे, असाही प्रकार. आणि या सर्वांच्या वर, सरकार व कुळ यांच्या मध्ये, खोत.

खोत म्हणजे गावच्या वसुलाचा धनी. गावाचा ठरीव सारा त्याने सरकारात भरावयाचा आणि कुळांकडून आपण वसूल करावयाचा. कुठे अर्धेल, म्हणजे निम्मे पीक. कुठे तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. मधला फायदा खोताचा. सगळी गावे तशी नव्हती. काही धारेकऱ्यांची होती, त्यात शेतकरी आपला धारा आपण देई. आणि जिथे दोन्ही प्रकार नांदत त्यांना सरकारी कागदातसुद्धा खिचडी गावे म्हणत. शिवाय धाऱ्याच्या दीडपट देणारे दीडीवाले, दुप्पट देणारे दुपटकरी. या जिल्ह्यात माणसाची प्रत तो किती पट देतो यावरून ठरे.

खोताने सरकारला कबुलायत लिहून द्यावयाची असे. अमुक गाव, अमुक सारा, मला कबूल आहे. कबुलायत दिली नाही तर सरकार गाव जप्तीत घेई आणि आपल्या कारकुनामार्फत वसूल करी. म्हणजे कागदोपत्री पाहू गेल्यास अशील म्हणजे खोत. त्याची सही मिळाली, की काम संपले.

पण मोजणीदार गावात शिरले आणि त्यांनी खोताच्या सारा-वसुलापलीकडे पाहावयास सुरुवात केली. कोणते कूळ किती पिढ्या कोणते खाचर करते, ते खोताला काय देते, हे लिहिले जाऊ लागले. १८६५ च्या मोजणीच्या कायद्याने कुळाचे देणे ठरवून देण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना मिळाला. खोत खवळले. त्यांचे म्हणणे असे: गाव आमचे, कुळे आमची, सरकारने आपला सारा घ्यावा आणि आमच्या घरात डोकावू नये. दावे झाले, अर्ज झाले, चौकशा झाल्या. मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) हे मोठे कायदेपंडित, स्वतः खोत घराण्यातले. त्यांनी खोतांची बाजू मुंबईच्या कायदे कौन्सिलापर्यंत लढविली. आज आपली सहानुभूती कुळाकडे जाते, आणि ती तिकडेच जावी; परंतु मंडलिकांचा एक मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. इंदापूरचा अंगरखा रत्नागिरीला घालू नका, इथली माणसे निराळ्या मापाची आहेत, हा तो मुद्दा.

शेवटी १८८० साली खोतीसाठी स्वतंत्र कायदा झाला. खोताचा मधला हक्क राहिला, कुळाचा वहिवाटीचा हक्कही काही अटींवर मान्य झाला, आणि गावोगाव एक नवे दप्तर तयार झाले, त्याचे नाव बोटखत. कोणते कूळ, कोणती जमीन, खोताला काय द्यावयाचे, याची ती नोंद. वडिलांच्या वकिलांकडे खोतीच्या जुन्या दाव्यांतील बोटखताच्या नकला मी लहानपणी पाहिल्या आहेत. पिवळा पडलेला कागद, मोडीची सलग वळणदार ओळ, आणि तिच्या खाली कुळाची निशाणी म्हणून नांगराचे चित्र. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाने आपल्या नावाशेजारी आपला नांगर काढलेला पाहिला म्हणजे हात जोडावेसे वाटतात.

इथे मी पुतण्याला थांबवून विचारले, "सांग पाहू, या सबंध कामाचा क्लाएंट कोण?"

तो म्हणाला, "सरकार. पैसे ते देते."

"सही कोणाची हवी होती?"

"खोताची."

"आणि त्या कागदावर ज्याचे पोट अवलंबून, तो?"

त्यावर त्याने दुसरी करंजी घेतली.

बोटखत झाले तरी गावचा कागद पुरता झाला नव्हता. मोजणीच्या दप्तरात सारा कोणाकडून घ्यावयाचा ते असे. पण जमीन कोणाची, गहाण कोणाकडे, वाटे किती, याचा पत्ता त्यात नसे. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ साली त्याच्या तरतुदी जमीन महसुलाच्या मुख्य कायद्यात घालण्यात आल्या. पुढे अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावच्या हिशेबाचे नियमपुस्तक लिहिले, त्यात गावाचे २१ नमुने बसवून दिले. सहावा नमुना फेरफाराचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांचा, एकविसावा तलाठ्याच्या दैनंदिनीचा. सातवा वर आणि बारावा खाली असा एकाच पानावर छापला, म्हणून त्याचे नाव सातबारा. देवाधर्माच्या पोथ्या सोडल्या तर महाराष्ट्रात एवढे वाचले गेलेले आणि इतके थोडे समजलेले दुसरे पान नसेल. त्यात आणखी गंमत अशी, की कोर्टे वारंवार सांगतात, सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. कायदा एवढेच म्हणतो, की त्यातील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरावी. पण गावात ही बारीक गोष्ट ऐकतो कोण? नाव आहे तर आहे.

या पद्धतीतली खरी करामत नमुन्यांत नाही, फेरफाराच्या रीतीत आहे. जमीन विकली, वारस लागला, वाटप झाले, की तलाठ्याने सहाव्या नमुन्यात नोंद करावयाची. पण तेवढ्याने ती नोंद होत नाही. तिची प्रत चावडीवर लावावयाची, ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवावयाचे, पंधरा दिवस थांबावयाचे. कोणी हरकत घेतली तर ती वादग्रस्त प्रकरणांत जावयाची, नाही तर वरच्या अधिकाऱ्याने खातरजमा करून प्रमाणित करावयाची. आणि मगच ती सातबाऱ्यावर उतरावयाची. माझ्या पुतण्याच्या धंद्यात पसंतीची चाचणी म्हणतात ती हीच. फरक इतकाच की ती काम संपल्यावर एकदा नाही, प्रत्येक नोंदीमागे होते, आणि सही करणारा अधिकारी असला तरी नापसंतीचा अधिकार चावडीपुढून जाणाऱ्या कोणालाही असतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात ही रीत तशीच्या तशी आली.

मधल्या काळात खोत गेले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; ते तेव्हा पार पडले नाही. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे मानले गेले. आमच्या घराची दीड एकर त्याच रस्त्याने आली. आजोबांचे नाव आधी कुळाच्या रकान्यात होते, ते खातेदाराच्या रकान्यात गेले. कागदावरचे अंतर दीड वीत. ते तोडावयास तीन पिढ्या लागल्या. किंमत हप्त्याहप्त्याने भरली. शेवटच्या हप्त्याची पावती आजी देवाच्या डब्यात ठेवी, कुंकवाच्या करंड्याखाली. म्हणून आमच्या घरी सातबारा हा विनोदाचा विषय नाही.

आणि आता संगणक.

जमिनीचे दप्तर संगणकावर घ्यावयाचा प्रयोग केंद्र सरकारने १९८८-८९ साली देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा त्यात होता. पुढे काम राज्यभर पसरले. रूप सोपे दिसत होते: हाती लिहिलेले सातबारे समोर ठेवावयाचे, टंकलेखकाने ते यंत्रात भरावयाचे, आणि मागेल त्याला छापील उतारा द्यावयाचा. काम किती म्हणाल, तर राज्यात सुमारे चव्वेचाळीस हजार गावे आणि अडीच कोटींच्या आसपास सातबारे. त्या वेळी देवनागरी टंकण्याच्या निरनिराळ्या पद्धती होत्या, एकीत लिहिलेले दुसरीत वाचता येत नसे. युनिकोडची शिस्त मागाहून आली.

पण अडचण अक्षरांची नव्हती. अडचण ही, की कित्येक वर्षे दोन सातबारे नांदत राहिले, एक तलाठ्याच्या हातचा आणि एक यंत्रातला. फेरफार झाला की तो हाताच्या सातबाऱ्यावर चढे, यंत्रात चढेलच असे नसे. दोन घड्याळे असलेल्या माणसाला वेळ कळत नाही म्हणतात, तशी खातेदाराची गत. मग २००८ साली केंद्राने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा नवा कार्यक्रम आखला, आणि त्याच्या आधाराने पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या कचेरीने व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ई-फेरफार नावाची प्रणाली उभारली. तिचा मुद्दा असा, की आता फेरफारच यंत्रात करावयाचा. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की माहिती आपोआप महसूल कचेरीत येते, तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी अंकीय सहीने प्रमाणित करतो, आणि सातबारा त्या क्षणी बदलतो. अँडरसनच्या नमुन्यांना धक्का लागला नाही. पंधरा दिवसांनाही नाही. मला हे शहाणपणाचे वाटते. यंत्र आले म्हणून कोणी त्या पंधरा दिवसांचा पंधरा मिनिटे करावयास निघाला असता, तर गावोगाव डोकी फुटली असती.

तरीही प्रणाली पसंत पडली नाही. निदान प्रथम नाही.

कारण संगणकाला विसंगती खपत नाही, आणि हाताचा सातबारा विसंगतीवर जगत आला होता. घाटावर दोन-तीन नावांचा सातबारा असतो. आमच्या बाजूला एका पंधरा गुंठ्यांवर चाळीस-पन्नास नावे सामाईकात असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. त्यातले निम्मे वारलेले, काही मुंबईस, काहींचा ठाव नाही. हिस्से आणे-पैंत लिहिलेले: एक आणा चार पै, दोन पै. आजोबाच्या मुलांत सोळा आणे सारखे वाटता आले नाहीत की पै उरते. तलाठी ती पै कोणाच्या तरी नावापुढे ठेवून देई, आणि घरात कोणी विचारीत नसे. यंत्र विचारते. एकरांचे हेक्टर-आर होताना अपूर्णांक कुठेतरी गळतो, पोटहिश्शांची बेरीज मूळ नंबराशी जमत नाही, आणि यंत्र लाल अक्षरांत नकार देते. आंब्याच्या झाडांचा धनी वेगळा, तो इतर हक्कांत एका आडव्या ओळीत लिहिलेला. ती ओळ टंकणाऱ्याला लागली तर लागली. विंगेटचा इंदापुरी अंगरखा पुन्हा एकदा कोकणच्या अंगावर चढविण्यात येत होता.

आणि हे सारे निस्तरावयाचे कोणी? तलाठ्याने. ज्याच्या हाताखाली शिपाई नाही, ज्याची कचेरी पुष्कळदा भाड्याच्या खोलीत, ज्याच्या सजात तीन-चार गावे. दिवसा सर्व्हरवर राज्यभराचा भार, पान उघडावयास घटकाभर. म्हणून रात्री जागून नोंदी करणारे तलाठी त्या वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत होते. यंत्रासाठी पदरमोड केल्याच्या तक्रारी त्यांच्या संघटनांनी मांडल्या, आंदोलने झाली. वर्तमानपत्रांनी त्याला आडमुठेपणा म्हटले. मला तसे म्हणवत नाही. तलाठ्याला नवे नको होते असे नव्हे. मागल्या शंभर वर्षांच्या सर्व तलाठ्यांच्या चुका आता त्याच्या एकट्याच्या सहीखाली बाहेर पडणार होत्या, ही त्याची धास्ती होती. खोताला मोजणीदाराची धास्ती वाटली ती स्वार्थाची, याची निराळी. पण सही न देण्याचे सामर्थ्य दोघांजवळ सारखेच.

प्रणाली सावरली ती वरच्या हुकमाने नव्हे, असे माझे मत आहे. हुकूम तर पहिल्यापासून होतेच. सावरली ती दोन गोष्टींनी. पहिली, चुका दुरुस्त करण्याची वाट प्रणालीतच ठेवण्यात आली. हाताचा सातबारा आणि यंत्रातला सातबारा ताडून पाहावयाचा, चूक सापडली की तहसीलदाराच्या मान्यतेने ती सुधारावयाची, आणि मग तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत प्रत्येकाने घोषणापत्र द्यावयाचे, की हा गाव आता मूळ दप्तराबरहुकूम आहे. म्हणजे चूक कबूल करणे हा गुन्हा राहिला नाही, कामाचा भाग झाला.

दुसरी गोष्ट चावडीवाचनाची. ती जुनीच. पूर्वी जमाबंदीच्या वेळी गावचे हिशेब चावडीवर वाचून दाखवीत. २०१७ साली राज्यभर संगणकातले सातबारे छापून गावात वाचण्याची मोहीम निघाली. मे महिन्याचा उन्हाळा, चाकरमानी सुटीवर आलेला, आंब्याची शेवटची पेटी भरावयाची घाई. आमच्या वाडीचे वाचन शाळेच्या पडवीत झाले. तलाठी खणखणीत आवाजात नावे वाची, आणि लोक मध्येच ओरडत: "तो वारला!" "आडनाव चुकले!" "अहो, ती माझी चुलती, तिचे नाव कुठे गेले?" एका म्हाताऱ्याने आपल्या मृत भावाचे नाव ऐकून "हजर" म्हटले, आणि सगळे हसले, तोही हसला, मग पदराने डोळे पुसणारी त्याची वहिनी पाहून गप्प झाला. तासाभरात जेवढ्या चुका निघाल्या, तेवढ्या कोणा परीक्षकाने वर्षभर बसून काढल्या नसत्या. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो वहीत काहीतरी टिपून घेऊ लागला. त्याच्या कंपनीने चौदा महिन्यांत गिऱ्हाइकाच्या साहेबांशी अनेक बैठका केल्या होत्या. ज्या मुली त्या सॉफ्टवेअरवर दिवसभर बोटे चालविणार होत्या, त्यांना ते एकदाही दाखविले नव्हते.

१ मे २०१८ रोजी अंकीय सहीचा सातबारा लोकांना खुला झाला. पुढे २०२० साली त्याचा नमुना सुधारला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून बाराव्या नमुन्यातले पीक शेतकऱ्याने आपल्या फोनवरून स्वतः नोंदण्याची ई-पीक पाहणी आली. आता तलाठ्याचे नावही बदलून ग्राम महसूल अधिकारी केले आहे. आमच्या वाडीत अजून त्यांना तलाठीभाऊच म्हणतात. उतारा घरबसल्या मिळतो, पूर्वीसारखी चिरीमिरी लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण चाळीस नावे चाळीसच आहेत. महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी हे अनुभवले. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावांत वाटावयाचा, आणि नावे गिरगावपासून दुबईपर्यंत पसरलेली.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री पुतण्याने फोनवर आमचा सातबारा उघडला. हौसेने, मला दाखवावयास. आजोबांचे नाव कंसात, म्हणजे कमी झालेले. खाली वडिलांच्या फेरफाराने आलेले आम्ही दोघे भाऊ. इतर हक्कांचा रकाना कोरा.

"कोरा कसा?" मी म्हटले.

पूर्वी मुलींची नावे त्या रकान्यात घालीत. मुलगे खातेदारांत, मुली इतर हक्कांत, अशी त्या काळची रीत. चांगली नव्हे, पण निदान नोंद राही. वडील गेले तेव्हा तलाठ्याने माझ्या बहिणीचे नाव तिथे लिहिले होते, मी समोर होतो. टंकताना ती ओळ गळली असावी. चावडीवाचनाला ती नव्हती, तिच्या सासरी देवरुखला होती. आणि आम्ही दोघे भाऊ शाळेच्या पडवीत बसलो होतो, दुसऱ्यांच्या चुका ऐकून हसत होतो. आमच्या पानावर कोणी ओरडले नाही.

पुतण्या जरा वेळ बोलला नाही. मग त्याने पिशवीतून एक लिफाफा काढला. माझ्या थोरल्या भावाने पुण्याहून पाठविलेला. आत हक्कसोडपत्राचा मसुदा होता, बहिणीच्या सहीसाठी. भाऊबीजेला ओवाळणी घालून सही घ्यावयाची, असा बेत. कोकणात हे नवे नाही. २००५ पासून कायद्याने मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे, म्हणूनच तर हल्ली या कागदांना भाऊबीजेचा मुहूर्त लागतो.

"काका, आत्याचे नावच नाही, तर सोडायचे काय?" तो म्हणाला.

मी कपाटातून कोरा कागद काढला. तहसीलदारांच्या नावे अर्ज, कलम १५५, लेखनप्रमाद दुरुस्तीबाबत. जुन्या फेरफाराचा क्रमांक वडिलांच्या वहीत होताच. मजकूर मी सांगितला, अक्षर त्याचे. पहाटे पहिल्या एस.टी.ने आम्ही देवरुखला निघालो. लिफाफा मी टेबलाच्या खणात ठेवला, भावाला फोन करावयाचा राहिला होता. तो मी बहिणीच्या घरून केला, तिच्यासमोर.